तुझ्या नावाची मूठ

शिंदखेडा,
४ ऑगस्ट २०२५

चि. पियुष यास नानाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. पाऊस बरा आहे, कपाशी गुडघ्याला लागली. सूनबाई ज्योत्स्ना माहेरी असोद्याला आहे, सातवा लागला, तब्येत चांगली. तुझी आई माझ्यावर ओरडते, म्हणजे तीही ठणठणीत. तुझा फोन लागत नाही म्हणून जुन्या वळणाने लिहितोय. तुमच्या पल्टनचा प्रेमराज सुट्टी संपवून गुरुवारी निघतो, त्याच्या हाती देईन.

काल घरी कानबाई देवी बसली, आज सकाळी वाजतगाजत विसर्जन झालं. नैवेद्याचे रोट छान झाले.

टीव्हीवर तुमच्या त्या देशातली लढाई दाखवतात. दोन्हीकडची माणसं त्यांचीच, आणि मध्ये युनोच्या निळ्या टोप्या घालून आपली पोरं. मंगळवारी छावणीवर हल्ला झाला म्हणे, आपले जवान गेले, नावं सांगत नाहीत. तुझ्या आईला मी सांगितलं, ती दुसरी पल्टन. टीव्हीची वायर उंदराने कुरतडली, असंही सांगितलं. उंदीर मीच.

नावं का सांगत नाहीत, ते मला ठाऊक आहे रे. लंकेत शांतिसेनेत, तुझ्याच पल्टनमध्ये होतो तेव्हा आम्ही एक शाळा धरून ठेवली होती. पल्टनच्या दिवशी भाषणात तिचा अजून उल्लेख होतो, तू लहानपणापासून ऐकलंस. उखर्डूचं मात्र ऐकलं नाहीस. माझ्या शेजारच्या खिडकीशी होता. पाणी दे म्हणाला, मी बाटली काढेपर्यंत गेला. मग आमचं सगळ्यांचं टपाल थांबवलं. आधी त्याच्या घरी तार, नंतर बाकीच्यांची पत्रं. आता टपालाऐवजी फोन बंद ठेवतात आणि तारेऐवजी जीप येते, एवढाच फरक. म्हणून मंगळवारपासून गावात चारचाकी शिरली की मी दारात येऊन बघतो, कुणाकडे वळते ते.

शनिवारी रोटाचे गहू काढले. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ टाकायची, आणि ती घरच्या कर्त्यानेच. गेलेल्याच्या नावाने टाकत नाहीत, सुतकात तर रोटच होत नाहीत, हे तुला माहीत आहे. भाऊबंद जमलेले. माझी मूठ टाकली, तुझ्या काकाची टाकली. तुझं नाव घेतलं आणि मूठ उघडेना.

काका म्हणाला, "भाऊ, खबर येऊ दे. पुढच्या रविवारी करू."

तुझी आई चुलीपासून उठली, मला बाजूला सारलं आणि तुझं नाव घेऊन भरगच्च मूठ टोपलीत टाकली. काकू म्हणाली, "अगं, बाईमाणूस मूठ टाकतं का?"

"माले बठ्ठं माहीत शे," आई म्हणाली. सगळं माहीत होतं तिला, उंदरासकट. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही लंकामा व्हतात तवय आबांनी बी मूठ टाकी नही. मी चोरीछुपी टाकी व्हती. उनात ना घर?"

तिच्या त्या मुठीवर मी घरी आलो होतो, आणि एवढा संसार झाला, हे मला कधी बोलली नाही. सगळ्या भाऊबंदांदेखत मी रडलो, पियुष. लाज वाटली नाही.

आज विसर्जनाहून परतलो तर दारात जीप. तुझ्या आईने भर गल्लीत माझा हात धरला. वीजवाले निघाले, कुणाचं तरी घर विचारत होते. त्यांना पाणी दिलं, घर दाखवलं. ते गेल्यावर दोघं ओट्यावर बसलो ते बसलोच.

फौजी बापाने मुलाला काय लिहायचं असतं, ते मला येतं. हिंमत ठेव, पल्टनचं नाव राख. माझ्या बापाने, आबांनी, मला तेच लिहिलं होतं. मी नाही लिहीत. पल्टनचं नाव राखणारे पुष्कळ झाले, त्यांची नावं पल्टनच्या स्मारकाच्या भिंतीवर कोरलेली आहेत, उखर्डूचंही आहे. तू भिंतीवर नको. तू घरी ये. लोक भित्रा म्हणाले तरी चालेल, पण ये.

फोन सुरू झाला की आधी आईला कर.

तुझा घाबरलेला बाप,
नाईक तोताराम (निवृत्त)