हँडलवरची रेघ

सोम., ६ जाने.
पहिली पाळी. गाडीच्या दाराची हँडलं तपासली. आज परत वीसेक पीस नापास, लाल क्रेटमध्ये. सगळ्यांवर तीच बारीक पांढरी रेघ, महिनाभर हेच चाललंय. पॉलिशवाल्या भरतभाऊंना साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. भाऊ येऊन म्हणाले, "ताई, मला तर रेघ दिसंना." म्हटलं, "मला दिसते ना! वीस वर्षं हेच करतेय." माझ्या जिभेला हाड नाही. भाऊ लातूरकडचा माणूस, कंत्राटी. मुदत वाढणार की घरी बसवणार, ह्याच महिन्यात ठरेल.

बुध., ८
अगं बाई! पीस तसाच धरून मान वळवली तर रेघ सरकली. ओरखडा कधी सरकतो का? महिन्यापूर्वीच घेतलेला नवा चष्मा काढला, रेघ गायब. पाठीमागच्या ट्यूबचा उजेड माझ्याच काचेत! म्हणजे एवढे दिवस मी त्या माणसाला... डबा तसाच परत आणला.

गुरु., ९, सुट्टी
चिंचवडला चष्मेवाल्याकडे. त्याने दोन काचा दिव्याखाली धरल्या. एकीत अख्खी ट्यूब, दुसरीत नुसती हिरवट झाक. "काकू, जुन्या चष्म्याला चकाकी रोखणारं कोटिंग होतं. ह्या वेळी तुम्हीच नको म्हणालात." म्हणाले होते. वर "मला काय सिनेमात जायचंय?" असंही. घ्या आता!

सोम., १३, भोगी
कोटिंगवाला चष्मा आला. डोळ्यांपुढे काच आहे असं वाटतच नाही. बसमध्ये पाठीमागून ऊन आलं तरी चकाकी नाही. ओढणीने पुसायचा नाही, धुऊन मऊ कापडाने. हे म्हणाले, "चला, तुझे डोळे दिसले एकदाचे. आता वटारू नकोस." ह्या वयात लाजले, काय सांगू.

मंगळ., १४, संक्रांत
लाल क्रेट परत तपासला. एक सोडून सगळे पीस चांगले. साहेबांना सांगितलं, चूक भाऊंची नाही, माझी. म्हणाले, "लेखी द्या." दिलं. भाऊंच्या मुदतीचं विचारलं तर, "बघू."
तिळगूळ देताना भाऊंनाही सगळं सांगितलं. मग म्हणाले, "ताई, मी घरी बायकोला म्हनलो, माझा हातच बिघडला आता."
मेल्याहून मेल्यासारखं झालं.
दुपारी त्यांचे पीस आले. एकेक उजेडात फिरवून पाहिला. काय हात आहे माणसाचा! उठून पॉलिशला गेले आणि सगळ्यांदेखत तसं म्हणाले. भाऊ मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "हे साहेबांना सांगा."
सांगून आले. साहेब अजून "बघू"च म्हणतायत.