काचेच्या खोलीला तीट

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

सोलापूर,
चैत्रातली भाजणारी दुपार

ती. काशम्मा अक्काच्या पायांवर धाकट्या संगमेशचं डोकं (त्यावर आता केस म्हणावेत असे उरलेले नाहीत, तेव्हा पायाला काही गुळगुळीत लागलं तर दचकू नकोस).

तुझी कंबर कशी आहे? अक्कलकोटात पाणी रोज येतं का? अव्वाला झोप लागते का? हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण परवा तुझ्याशी बोलता बोलता अव्वाने तुझ्या हातातून फोन काढून घेतला आणि ज्वारीच्या डब्यात ठेवून वर झाकण लावलं. मी बराच वेळ ज्वारीशी बोलत होतो. त्याआधी तू सांगत होतीस की हल्ली अव्वा रोज सकाळी तुझ्याकडे बघून विचारते, 'नी यार मगळु?' पोटच्या मुलीला विचारायचं, तू कुणाची मुलगी म्हणून! त्यावर तू काय उत्तर देतेस, हे मला विचारायचं होतं, तेवढ्यात फोन ज्वारीत गेला. ते या पत्राच्या उत्तरात न विसरता लिही. आणि तुझ्या बालवाडीतली पोरं अजून दारात येऊन 'बाई, बाई' करतात का, तेही लिही. अव्वाला एकटं ठेवता येत नाही म्हणून तू बालवाडी सोडलीस, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

आता माझं. तू प्रत्येक भेटीत विचारतेस की वेल्फेअर ऑफिसर म्हणजे मी टॉवेलच्या कारखान्यात नेमकं करतो काय. गेल्या महिन्यापर्यंत मलाही नीट सांगता आलं नसतं. माझी चौकशीची खोड तुला ठाऊकच आहे. (शेजारच्या शांतव्वाकाकूंच्या लोणच्याच्या बरणीवर फडकं का बांधतात ते बघायला मी फडकं सोडलं आणि त्यांचं वर्षाचं लोणचं बुरसलं, हे तू माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितलंस.) त्याच खोडीचा कारखान्यात मला पगार मिळतो, एवढंच समज.

तर झालं असं. आमच्या धाकट्या मालकांनी ठरवलं की कामावर येणाऱ्या आयांसाठी पाळणाघर काढायचं. परदेशातली गिऱ्हाइकं हल्ली टॉवेल किती पाणी शोषतो याच्या आधी कामगारांची पोरं कुठे असतात ते विचारतात. काम माझ्याकडे आलं आणि मी जीव ओतला बघ. पाहुण्यांना रस्त्यावरूनच पोरं दिसावीत म्हणून गेटजवळची खोली निवडली आणि पुढची सगळी भिंत काचेची केली. आत प्लॅस्टिकचा घोडा, रंगीत चटया, भिंतीवर जिराफ. (जिराफाची मान मध्येच खिडकी आल्यामुळे आखूड झाली आहे. लांबून तो ठिपके असलेलं गाढव वाटतो.) पोरं सांभाळायला सिद्धेश्वरी नावाची हसरी मुलगी नेमली. दारावर पाटी लावली : 'फक्त महिला कामगारांच्या मुलांसाठी'. नारळ फुटला, पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून खोलीत एकही पोर आलं नाही. सिद्धेश्वरी काचेआड एकटीच बसून राहायची, कापडाच्या दुकानातल्या बाहुलीगत. मी एकेका बाईला विचारलं. सगळ्या गोड हसायच्या आणि म्हणायच्या, "बघू की साहेब." सोलापुरात 'बघू की' म्हणजे काय, हे तुला सांगायला नको.

त्यातच मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेकिंग टेबलवरची एक बाई रोज दुपारच्या चहाआधी जागेवर नसते, असं त्यांना वरच्या गॅलरीतून दिसलं होतं. (चेकिंग म्हणजे टॉवेल उजेडात धरून सुटलेला धागा शोधायचा, डोळे फोडणारं काम.) ती कोण आणि जाते कुठे ते शोधा, बाईंच्या भेटीआधी मला नाव द्या, तिला घरी बसवायचं आहे, असं ते म्हणाले. बाई म्हणजे परदेशच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या पाहुण्या. आणि त्या दिवशीही पाळणाघर रिकामंच दिसलं तर तिथे खोक्यांचं गोडाऊन करा, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

जागेवर नसणारी बाई कोण हे मला लगेच कळलं. मोहोळकडची अंकिता, आमची सगळ्यात बारीक नजरेची चेकर. पण ती जाते कुठे? अक्का, मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. आधी वाटलं, फोनवर बोलत असेल. मग वाटलं, दुसऱ्या कारखान्यात नोकरी बघत असेल. शेजारणींना विचारलं तर एक म्हणाली सुई आणायला गेली, दुसरी म्हणाली पाणी प्यायला, तिसरी म्हणाली, "हितंच तर हुती की!" मी खोक्यांच्या थप्पीमागे लपून पाळत ठेवली, तर पॅकिंगच्या बायकांनी तिथेच चहा आणून दिला, वर कमी साखरेचा. मी कुठेही पोचायच्या आत अंकिता जागेवर हजर. हे कसं होतं, काही केल्या उमगेना.

याच दिवसांत मला आणखी एक गोष्ट दिसली. मी मागांच्या रांगांमधून चालायला लागलो की कामगार डोकं चोळायचे. पहिल्या मागावरचा चोळायचा, मग पलीकडचा, मग थेट टोकाचा. मला वाटलं, कापसाची लव उडून डोक्याला खाज सुटत असेल. वेल्फेअर ऑफिसर कशासाठी असतो? मी कंपनीच्या खर्चाने औषधी तेलाच्या बाटल्या वाटल्या. सगळ्यांनी हसत घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट जोराने डोकी चोळली.

शेवटी मी एक युक्ती केली. मागांच्या बाजूने न जाता मागच्या भिंतीला वळसा घालून थेट गेटवर गेलो. आमच्या शरणप्पा वॉचमनची पत्र्याची केबिन आहे, तिथे अंकिता पाठमोरी उभी होती आणि आत स्टुलावर एक म्हातारी बसली होती. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, पुढ्यात फाटक्या टॉवेलांचा ढीग. ती एकेक टॉवेल घडी करायची, पुन्हा मोडायची, पुन्हा घडी करायची. अंकिता तिला पाणी पाजत होती. म्हातारीने माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

"तू कुणाचा रं?"

मी सांगितलं, मी वेल्फेअर ऑफिसर.

"ते न्हवं. कुणाचा?"

मी हुद्दाच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितला. अंकिताचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाली, "साहेब, सासू हाय माझी, मुक्ताबाई. तिला आता ध्यान ऱ्हात न्हाय. घरधनी माझं ट्रकवर, हैदराबाद लायनीला. एकदा ग्यास चालू ठिवून मोहोळच्या वाटंला लागली. दोन दिस कुलूप घालून आले, तर दारावर हात आपटून आपटून सोलून घेतलं तिनं. मग स्कुटीवर घिऊन याया लागले. तुमी काढणार आसचाल तर काडा, पर कुलूप न्हाय घालणार मी आता."

मी तिला काढणार होतो की नाही, मला खरंच ठाऊक नव्हतं, अक्का. तेवढ्यात भीमा फिटर हातात बिस्किटाचा पुडा घेऊन आला, मला पाहून थबकला आणि सवयीने त्याने डोक्यावरून हात फिरवला. आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला. मागांच्या खडखडाटात आवाज ऐकू येत नाही, म्हणून मागवाले सगळं हातवाऱ्यांनी बोलतात. दोरा तुटला, चहा आला, मालक आला, सगळ्याला खुणा. डोक्यावरून हात फिरवायचा म्हणजे टकल्या आला. अख्खा कारखाना अंकितासाठी पहारा देत होता. कुणी तिचे टॉवेल तपासत होतं, कुणी म्हातारीला बिस्किटं देत होतं, आणि मी त्या सगळ्यांना तेल वाटत होतो! रागवावं की हसावं कळेना. खरं सांगू, मला त्यांचा हेवा वाटला. वेल्फेअर माझ्याशिवाय इतकं झकास चाललं होतं.

पत्र्याची केबिन आणि हे ऊन. म्हातारीला तिथे कसं ठेवायचं? माझ्याकडे एक म्हातारी होती जिला खोली नव्हती आणि एक खोली होती जिच्यात कुणी नव्हतं. मी मुक्ताबाईंना हाताला धरून पंख्याखाली, जिराफाशेजारी नेऊन बसवलं. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. गेटवरून ट्रकवाले, हमाल, भंगारवाले, सगळे आत डोकावत जात होते.

"हितं पोरं ठिवनार तुमी?" त्या म्हणाल्या. "समद्या दुनियेच्या नजरंम्होरं?"

माझ्या पाठीमागे अंकिता खाली बघून उभी होती. सिद्धेश्वरीही खाली बघत होती. म्हणजे हेच होतं तर! दृष्ट लागेल म्हणून एकही आई पोर आणत नव्हती, आणि शिकलेल्या साहेबाला हे सांगायचं कसं म्हणून 'बघू की' चाललं होतं. तू बालवाडीत प्रत्येक बाळाच्या गालावर काजळ असलेलं पाहिलंयस, तुला तर हे आधीच कळलं असतं. मी मात्र काच रोज पुसून घेत होतो.

मुक्ताबाईंनी काजळ मागितलं. सिद्धेश्वरीने पर्समधून काढून दिलं. त्यांनी आधी सिद्धेश्वरीच्या गालावर तीट लावली, मग प्लॅस्टिकच्या घोड्याला, मग जिराफाला (आता तो गाढव वाटत नाही, दुसरंच काहीतरी वाटतो), आणि शेवटी उठून त्या मोठ्या काचेवर, बरोबर मध्यावर, रुपयाएवढा काळा ठिपका काढला. मग पुन्हा टॉवेल घडी करायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी पहिलं पोर आलं. दुपारपर्यंत चटया पुरेनात. येणारं प्रत्येक पोर आधी मुक्ताबाईंसमोर गाल करायचं. संध्याकाळी भीमा आला आणि दाराशी घुटमळला. "साहेब, बायकू शाळंत सैपाकाला जाती. पोरगी माझ्याबरुबर आनली तर चालंल का? पाटीवर बायाच लिवलंय." त्याच्यादेखत मी ब्रश मागवला आणि पाटीवरचं 'महिला' पुसून काढलं. मग 'फक्त'ही पुसलं. आणि मुक्ताबाई आत बसलेल्या बघून 'मुलांसाठी'ही कसंतरीच वाटायला लागलं. आता पाटीवर नुसतं 'कामगारांच्या' उरलं आहे. लोकांना कळतं.

पाहुण्या आल्या त्या दिवसापर्यंत मालकांना मी नाव दिलं नव्हतं. ते काचेपाशी आले, आत पोरं बघून खूश झाले, मग त्यांना नऊवारी दिसली. ही कोण, असं त्यांनी मला दातांमधून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मुक्ताबाईंनी पाहुण्या बाईंचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि त्या गोऱ्यापान गालावर तीट लावली. मग मालकांना लावली. मग त्यांना विचारलं, "तू कुणाचा रं?" मालकांनी गांगरून कंपनीचं नाव सांगितलं. पोरं खदाखदा हसली. पाहुण्या बाई सगळ्यात जास्त हसल्या आणि हे काय आहे ते त्यांनी मला विचारलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे ज्याच्या घरी सांभाळायला कुणी आहे, लहान असो की म्हातारं, त्याने ते लपवायचं नाही, अशी पद्धत आहे. (पद्धत तेव्हाच सुरू झाली होती, वाक्य संपता संपता.) बाईंनी ती तीट जेवणातही पुसली नाही.

त्या गेल्यावर मालकांनी विचारलं, जागेवर नसणारी बाई सापडली का? मी म्हटलं, आता सगळ्या जागेवर असतात. ते गालावरचा डाग चोळत राहिले. मग म्हणाले, ज्यांना अशी अडचण असेल त्यांना मधे तासभर जाऊन यायची मुभा द्या, पगार कापू नका, आणि तो काचेवरचा डाग तेवढा पुसून घ्या. पहिलं मी लगेच केलं. दुसऱ्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नकोस. मुक्ताबाई बऱ्या होणार नाहीत. कधीकधी दुपारी त्यांना मोहोळला जायचं असतं आणि मग त्या कुणाचं ऐकत नाहीत. तेव्हा ज्याचा हात मोकळा असेल तो त्यांना कंपाउंडला एक फेरी मारून आणतो आणि लिंबाच्या झाडाखाली आलं की सांगतो, आलं मोहोळ. त्या क्षणभर बसतात, पदराने वारा घेतात आणि परत येतात. परवा मी गेलो होतो. मोहोळ चांगलं आहे.

बाकी क्षेम. सौ. नमस्कार सांगते. अव्वाच्या पायांवर माझं तेच गुळगुळीत डोकं.

तुझा चौकशा करणारा भाऊ,
संगमेश

ता.क. : कडक भाकरी इथे मिळते, पण तुझ्या हातची शेंगाचटणी संपली आहे. पत्र लिहिण्याचं मुख्य कारण हेच.

ता.क. दुसरा : चटणी हे मुख्य कारण नव्हे. सिद्धेश्वरीचं लग्न ठरलं आहे, ती हुबळीला जाणार. पोरं वाढली आहेत आणि निम्मी घरी कानडी बोलतात. त्यांना बालवाडी जमणारी, कानडी गाणी येणारी बाई हवी आहे. मी मालकांना तुझं नाव सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, पण त्यांच्या आईचं काय? मी त्यांना पाटी दाखवली. सौ.ने आमची पुढची खोली रिकामी केली आहे, त्याबद्दल माझे आभार मानू नकोस, ते तिनेच आधी सुचवलं होतं.

ता.क. तिसरा, आणि हा शेवटचा : मुक्ताबाई मला रोज नव्याने विचारतात, तू कुणाचा रं? इतके दिवस मी हुद्दाच सांगत होतो. काल सांगितलं, अक्कलकोटच्या अव्वाचा. त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मग हितं काय करतूयास? तिला घिऊन ये की." रविवारी गाडी घेऊन येतो आहे. दोघी तयार राहा, आणि फोन ज्वारीतून काढून ठेव.