जास्वंदीच्या मुळांची तपासणी

४ फेब्रुवारी, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. पंपाचा एकही नग माझ्या सहीशिवाय गेटबाहेर गेला नाही. रिटायर झाल्यावर लिहायची सवय सुटली, ती पुन्हा लावायची.

काल ही मुलीकडे गेली. किती दिवस, ते विचारलं. बघू म्हणाली. बघू म्हणजे आठ दिवस. निघताना गॅलरीतल्या जास्वंदीची एक फांदी कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. प्रवासात हे लचांड कशाला, असं मी म्हटलं. दारात एवढंच म्हणाली की जास्वंदीला पाणी बेताने घाला.

घर शांत आहे. काही वाटत नाही. चांगलं लक्षण.

७ फेब्रुवारी
बेताने म्हणजे नेमकं किती? मोघम बोलायची हिची जुनी खोड. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. कमी पडायला नको म्हणून दुपारी अर्धा.

१३ फेब्रुवारी
आठाचे दहा दिवस झाले. फोन केला. मुलीने उचलला. आई मागे अंगणात आहे म्हणाली. परत कधी निघणार, ते विचारून ठेवायला सांगितलं.
जास्वंदीची पानं पिवळी पडताहेत. पाणी वाढवलं.

१९ फेब्रुवारी
झाड सरळ करायला गेलो तर मुळासकट हातात आलं. मुळं तपकिरी, बोटाने दाबली तर सालपट निघतं. वास.

कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्याला दाखवलं. पाणी जास्त झालं म्हणाला. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, मातीत सतत पाणी साचलं की ती गुदमरून कुजतात. मी म्हटलं, माप ठरवून दिलेलं नव्हतं. एक फांदी अजून हिरवी होती. ती पेराच्या जरा खाली कापून पाण्यात ठेवा म्हणाला, पेरापासून नवी मुळं फुटतील. नशीब असेल तर. नशिबाचा संबंध नाही, नीट लक्ष ठेवलं की झालं.

संध्याकाळी हिचा फोन. जास्वंद कशी आहे, विचारलं. उत्तम, असं सांगितलं. माझी चौकशी केली नाही. विश्वास असला की माणूस विचारत नाही.

ठरवलं: ही यायच्या आत झाड पूर्ववत. हिला कळताच कामा नये.

१ मार्च, सकाळी ८
यश! कापलेल्या टोकाशी पांढरे फुगवटे. एका ठिकाणी मूळ. बाहेर काढलं, फडक्याने कोरडं केलं, व्हर्नियर मोजपट्टीने मोजलं. दोन मिलिमीटर.
सायंकाळी ७ : दोन मिलिमीटर.

२ मार्च
दोन.

४ मार्च
व्हर्नियरच्या जबड्यात मूळ तुटलं. शेजारी दुसरं येतंय. काळजीचं कारण नाही.

हिलाही रोज दोन फोन करतो, आठला आणि सातला. कधी निघतेस, एवढाच प्रश्न. आज मुलगी म्हणाली, बाबा, रोज रोज तेच नका विचारू, आईला जरा मोकळं राहू द्या. मुलीला ऑफिसचा ताण फार आहे.

९ मार्च
दुसरं मूळ काळं पडलं. नर्सरीवाल्याकडे तक्रार घेऊन गेलो. काका, रोज काढून बघता का, असं तो म्हणाला. मी म्हटलं, बघत नाही, तपासतो. त्याने कपाळाला हात लावला. म्हणे मुळांच्या टोकामागे बारीक केस असतात, नजरेला दिसत नाहीत, झाड त्यांनीच पाणी पितं. दर वेळी उपसून पुसलं की ते जातात आणि बिचारं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. ग्लासाला काळा कागद लावा आणि तीन आठवडे विसरून जा. बघितलंच नाही तर वाढतंय हे कळणार कसं, असं मी विचारलं. तोवर त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलं.

त्याचं ऐकायला हरकत नाही. निश्चय: तीन आठवडे हात लावायचा नाही. फोनसुद्धा आठवड्यातून एकदाच.

१० मार्च, सकाळी १०
हात लावला नाही.
सकाळी ११ : कागद जरासा वर करून पाहिला. हात कागदाला लागला, झाडाला नाही.
दुपारी १२ : फोन केला. नीट चालतोय का, ते पाहायला. चालतोय.

१८ मार्च
कागद रोज सैल होतो, म्हणून रोज काढून नव्याने लावावा लागतो. त्या निमित्ताने मोजमाप.

स्वेटर ठेवून द्यायला हिचं कपाट उघडलं. हिचा कप्पा रिकामा. शालही नाही. उन्हाळा तोंडावर आलाय आणि ही शाल घेऊन गेली. पाणी प्यायलो. पुढचा कप्पा तपासला नाही.

२७ मार्च
जेवलो. झोपलो. फांदीत बदल नाही.

२ एप्रिल, सकाळी ११
फांदी खालून वर काळी पडली. ग्लासातलं पाणी ओतून दिलं.

हिला फोन केला. जास्वंद उत्तम आहे, इथपर्यंत नेहमीसारखं बोललो. मग तोंडातून निघून गेलं की गेली, सगळी गेली. ही म्हणाली, मला अंदाज होताच. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, नेलेली फांदी मुलीच्या मागच्या अंगणात भिंतीकडेला जमिनीत लावली, ती छान धरलीय. चार नवी पानं आलीत. मुळं किती लांब झाली, असं मी विचारलं. माहीत नाही म्हणाली. उपसून बघितलंच नाही.

येताना त्यातली एक फांदी आण, असं सांगितलं. म्हणाली, कुरिअरने पाठवते.

कुरिअर दोन-तीन दिवसांत येतं. ग्लास घासून ठेवला.