पालावर जायचं नाही म्हणे!

प्रिय एस्तेरताई,

काल चर्चमध्ये तुझ्या आठवणीची उपासना झाली आणि मी तिथं भांडून आले. तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले. भांडण तुझ्यावरूनच झालं. तू मला धर्माबादची मिरची म्हणायचीस ना? मग घे!

लोक काय म्हणतात ऐकलंस का? शहराबाहेर ताडपत्रीच्या पालांत राहणाऱ्या त्या फिरस्त्या माणसांत तू दर रविवारी जायचीस, जखमा धुवायचीस, पोरांच्या डोक्यातल्या उवा काढायचीस, तिथूनच म्हणे तू आजार आणलास. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी डेंग्यूनं गेली, आणि दोष कुणाला? पालाला! आपल्या हॉस्टेलच्या मागं पाण्याची टाकी कायम उघडी असते. तिथले डास काय पालावर मुक्कामाला जातात का गं?

तू पहिल्यांदा भेटलीस ते आठवतं मला. मी लातूरला बी.एस्सी.ला नवीन आलेली. विद्यार्थ्यांच्या प्रार्थनासभेत सगळे एकेक करून साक्ष देत होते, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगत होते. कुणाला ॲडमिशन मिळाली, कुणाच्या वडिलांचा ताप उतरला. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मला प्रार्थना करताना काहीच वाटत नाही. पलीकडे कुणी ऐकतंय, असंही वाटत नाही."

आणि मागून तू मोठ्यानं म्हणालीस, "आमेन." हसावं की रडावं कळेना मला. बाहेर आल्यावर तू उपदेश केला नाहीस. एवढंच विचारलंस, "दुसऱ्याची नखं कापता येतात का? मग रविवारी ये."

त्या पहिल्याच खेपेला आपल्या ग्रुपनं काय दिवे लावले! खिचडीचं पातेलं मध्ये ठेवलं, सगळ्यांनी डोळे मिटले आणि आपला पौलस प्रार्थनेला लागला. पाऊसपाणी झालं, राज्यकर्ते झाले, जगातले सगळे आजारी झाले, तरी त्याचं आमेन काही येईना. डोळे उघडले तर दोन शेळ्या पातेल्यात तोंड घालून! पालावरच्या म्हाताऱ्या शेवंताबाई पोट धरून हसल्या. "आवं, तुमी डोळे मिटून काय करून राहिलाव? शेळ्यांनी उरकलं की!" त्या दिवसापासून तू नियमच केलास, पालावर प्रार्थना उघड्या डोळ्यांनी आणि दोन वाक्यांत. चर्चच्या कमिटीला तेही खुपलं. मला मात्र तिथं पहिल्यांदा आमेन म्हणावंसं वाटलं होतं. तुला हे कधी सांगितलं नाही, तू फार शेफारली असतीस.

मग का गेलीस गं? वॉर्डाबाहेर मी गुडघे टेकले होते. मी! मनापासून मागितलं, हिला ठेव म्हणून. आणि पाळकसाहेब म्हणतात, देवाची मर्जी. असली मर्जी मला मान्य नाही. मी देवाशी अबोला धरलाय. आहे की नाही हेच ठाऊक नाही, त्याच्याशी कसला अबोला, असं तू म्हणशील. म्हण! तुझ्यावरही राग आहेच. ताप अंगावर काढायला कुणी सांगितलं होतं? नर्स ना तू?

तर काल. उपासना सुरू झाली तेव्हा शेवंताबाई आणि पालावरच्या बाया फाटकाशी उभ्या होत्या. कुणीतरी त्यांना तिथंच थांबायला सांगितलं होतं. मी गेले, शेवंताबाईंचा हात धरला आणि त्यांना थेट तुझ्या घरच्यांच्या बाकापाशी आणलं. बाक भरलेला. तुझी आई जळकोटहून आलेली, डोळे सुजलेले. तिनं वर पाहिलं आणि शेजारच्या तुझ्या मावशीला म्हणाली, "सरक गं जरा. माझ्या लेकीची माणसं हायेत."

शेवटी कमिटीचे सेक्रेटरी जोसेफ अंकल उठले. दिवस बरे नाहीत, लोक धर्मांतराच्या नावानं बोट दाखवतात, त्यात आता हा आजार, तेव्हा विद्यार्थ्यांनी यापुढं पालावर जायचं नाही, म्हणाले. त्यांची भीती खोटी नाही ताई, तेवढं मला कळतं. पण तू तिथं कधी काय नेलंस? कात्री, साबण आणि मलमपट्टी! मी उभी राहिले. "अंकल, आम्ही जाणार."

"कुणाच्या परवानगीनं?"

"एस्तेरताईनं कुणाची घेतली होती?"

तेव्हा ते म्हणाले, "तुझा तर देवावर विश्वास पण नाही." सगळ्यांसमोर! खोटं थोडंच होतं ते? पण तुझी आई बोलली. "नसंना का. हात तर हायेत न्हवं तिला?"

निघताना शेवंताबाईंनी लुगडं जरा वर धरून पाय दाखवला. ती साखरेच्या आजाराची जखम. तू आजारी पडण्याआधी बांधलेली पट्टी तशीच होती. काळी पडलेली, वास मारत होती. मी ओरडलेच त्यांच्यावर. त्या म्हणाल्या, "ताई म्हनली व्हती, म्याच येऊन सोडीन. म्हून कुणाला हात लावू दिला न्हाई."

ताई, मी रविवारची वाट बघणार नाही. आज दुपारीच निघतेय. तुझ्या वर्गातली मेरी सोबत आहे, ती सांगेल तसं करीन, आणि तिथून शेवंताबाईंना ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेणार. कुरकुर केली तरी नेणार. विश्वासाचं नंतर बघू, यायचा असेल तर येईल. पालावर जाणं मी थांबवणार नाही, कमिटीनं काहीही ठरवू दे, हे माझं तुला वचन.

तू मारलेली ती गाठ आज मी सोडणार आहे. रडू येईल. सोडणार!

तुझ्या वाटचंही भांडणारी,
रिबेका