सदतिसाव्या पानावरचा आकडा

भोपाळ, ८ मार्च २००४

प्रिय रजनी,

तुझं खोकं परवा हबीबगंज स्टेशनवरून आणलं. नागपूरच्या प्राध्यापकबाईंनी आपल्या जुन्या टाउनशिपच्या ग्रंथालयाला बावीस पुस्तकं भेट दिली, म्हणून साहेब खूश आहेत. आभाराचं पत्र ऑफिसातून येईलच. हे माझं वेगळं, घरी बसून लिहिलेलं. एकटीनं वाच, बाई.

तुला नरहरभाऊ आठवतात? आपल्या ग्रंथालयातले शिपाई. या एकतीस तारखेला ते रिटायर होतायत, तेही भंगार यार्डाच्या गेटवरून. सतरा वर्षं तिथेच उभे. चोर म्हणून नाव पडलं ते पडलंच. अजूनही ते ग्रंथालयात आले तर आमच्या उषाताई काउंटरवरची पर्स उचलून मांडीवर घेतात. परवा बिट्टन मार्केटात मेथी निवडताना दिसले, तर मीच नजर चुकवली.

सत्याऐंशी साल. मी ग्रंथालयात नवी सहायक, आणि आपण दोघी बाहेरून बी.लिब. करत होतो. वर्गीकरणाच्या प्रॅक्टिकलला तो जाडा ग्रंथ हवाच, अन् अख्ख्या टाउनशिपमध्ये प्रत एक. तू दुपारभर ती मोठी शबनम घेऊन तिथेच अभ्यासाला बसायचीस. परीक्षेच्या आठ दिवस आधी ग्रंथ कपाटातून गायब! नोंदवहीत कुणाचं नाव नाही. मी रडकुंडीला आले, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत तू म्हणालीस की किल्ली कुणाकडे असते ते बघ ना. किल्ली नरहरभाऊंकडे. मी तडक साहेबांकडे जाऊन त्यांचं नाव घेतलं. मी नापास झाले, तू पहिली आलीस. तुझे पेढे खाल्ले मी, अगदी मनापासून. कसली गं भोळी मी!

आता खोक्याचं. त्यात वर्गीकरणाचा ग्रंथ निघाला. बाइंडिंग नवं, शीर्षकपान नाही, मागची तारखांची चिठ्ठी खरवडलेली. म्हटलं, असेल जुन्या बाजारातला. पण गुप्त पान उघडून बघायची माझ्या हाताला सवय. तू पोरांना दरवर्षी शिकवतेस ना, शीर्षकपान फाडलं तरी पुस्तक ओळखू यावं म्हणून एका ठरलेल्या पानावर दाखल क्रमांक पुन्हा लिहायचा? पेपरातही तू ते झोकात लिहिलं असशील. पण आपल्या ग्रंथालयाचं पान कोणतं, ते कधी विचारलं नाहीस. सदतीस. तिथे शिवणीच्या आत, बारीक, ४४१९ आहे, आपल्या हरवलेल्या प्रतीचाच क्रमांक. आणि पुढच्या पानांवर समासात पेन्सिलीने तुझे ते शेपटीवाले नऊ.

कुठेतरी विकत मिळाला असं सांगू नकोस. ती सबब दोन दिवस मीच तुझ्यासाठी शोधत होते. चुकून पाठवलास की मुद्दाम, हा संशय काही जात नाही. पण साहेबांकडे नाव मी घेतलं होतं. म्हणून एकतीसला मी यार्डाच्या गेटवर जाणार आहे, सगळ्यांसमोर त्यांची माफी मागायला, ग्रंथ हातात घेऊन. तेव्हा तू माझ्या शेजारी उभी राहावीस म्हणून हे पत्र. नाही आलीस, तर तो कुठून आला हे मला एकटीला सांगावं लागेल, आणि मी सांगेन. आणखी एक. अक्षर सुंदर म्हणून त्या काळी दाखल क्रमांक नरहरभाऊच लिहायचे. तो ४४१९ त्यांच्याच हातचा आहे गं.

तुझीच, अजून तरी,
वैजू