तबकडीतली घागर

प्रिय भाऊ,

आज सकाळी तापीकाठी काकांनी तुझं पिंडदान केलं. कावळा लगेच शिवला. एवढी भूक लागली होती का रे? घरी आल्यापासून कशात लक्ष लागत नाही, म्हणून लिहितेय.

तुझ्या शेवटच्या सुट्टीतली ती ब्राझीलची तबकडी आठवते? तुझं जहाज तिथल्या सांतोस बंदरात थांबलं, तेव्हा घेतलेली. जळगावच्या आपल्या घरात ती पहिल्यांदा वाजली आणि आई म्हणाली, "हाई काय गानं शे? कोनी गातच नई!" तू हसलास. "आई, गिटार विचारते, पियानो सांगतो, आणि हे ढोल-खुळखुळे दोघांना चालवतात." मग स्वयंपाकघरातली तांब्याची घागर मांडीवर घेऊन तूही वाजवायला लागलास. शेवटी ठेका हमखास चुकायचा!

सुट्टी संपवून गेलास, आणि जहाजावरून तारच आली: तापानं गेला, समुद्रातच निरोप दिला. आईनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. "देह देखा नई, मरन कसं मानू?" ना दिवस, ना श्राद्ध, काही करू दिलं नाही. असं मागे काहीच न ठेवता कोणी जातं का, भाऊ?

या उन्हाळ्यात एका दुपारी आईच म्हणाली, "ती तबकडी लाव." लावली. गिटार झाली, पियानो सुरू झाला, आणि मागून घागर वाजली. तोच चुकणारा ठेका! मी स्वयंपाकघरात धावले. घागर काठोकाठ भरलेली. पाणी हलतसुद्धा नव्हतं. बाहेर आले, तर आई तबकडीवर वाकून विचारत होती, "मधू, भूक लागनी का रे?"

मग रोज दुपारी तसंच. मी भ्यायचे, ती नाही. एके दिवशी ऐकता ऐकता तिचा बांध फुटला. किती रडली! "मना पोऱ्या उपाशी शे. त्याले जेवाले घाला." मी तशीच काकांकडे गेले.

आज नदीवरून आल्यावर तिनं पुन्हा लावायला सांगितली. गिटार, पियानो, त्या परक्या माणसाचे ढोल. बस. शेवटपर्यंत दुसरं काही नाही. आई डोळे पुसत म्हणाली, "जेवना तो. गया."

मी मात्र सुई उचलून परत सुरुवातीला न्यायला लागले. आईनं माझा हात धरला. "जाऊ दे त्याले, बाई."

म्हणून शब्द देते. तबकडी मी ऐकत राहीन, भाऊ, पण तिच्यात तुला शोधणार नाही. हाक मारणार नाही. तू मागे वळू नकोस.

तुझी,
सुमी