दत्तूच्या हातचा पेला

मंगळवार, संध्याकाळ

मुरगूडला दत्तूकडं गेले होते. त्याच्या कानातला आवाज सांगतो, दुधात विष आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा तो आईच्या हातचं पाणीसुद्धा पीत नव्हता. आज त्यानं माझ्यासमोर म्हशीची धार काढली आणि फेसाळ पेला पुढं केला. आणि मीच थबकले! मी, त्याची नर्स!

"आवाज थांबला का रे?"

"न्हाय की सिस्टर. आत्ताबी सांगालाय, पिऊ नगंस म्हणून. त्यो रोज सांगतोय, मी रोज पितोय." अर्धा पेला त्यानं घटाघटा संपवला.

आणि मी दर महिन्याला वहीत काय लिहीत आले? 'आवाज चालू, सुधारणा नाही.' कुठं बघत होते मी?

उरलेला अर्धा पेला मी प्यायले. मग वहीतलं 'सुधारणा नाही' खोडलं आणि लिहिलं, 'आवाज चालू, तरी रोज दूध पितो.'